कुत्रा, मांजर, उंदीर आणि हातातला फोन : वर्तनवाद नेमकं काय सांगतो?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षकांच्या घरी पुन्हा गाइडं उघडली गेली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायलाच हवं, असा तो निकाल. वीस-वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली माणसं आता रात्री जेवणं आटोपल्यावर बालमानसशास्त्र पाठ करत बसली आहेत. त्या विषयात हमखास येणारा प्रश्न म्हणजे शास्त्रज्ञ आणि त्याचा प्राणी यांच्या जोड्या. पावलॉव – कुत्रा, थॉर्नडाईक – मांजर, स्किनर – उंदीर आणि कबूतर.

मी अध्यापक विद्यालयात हा भाग बरीच वर्षं शिकवला. विद्यार्थी जोड्या बिनचूक लावायचे. पण दर वर्षी कुणीतरी विचारायचं, "मॅडम, कुत्र्यामांजरांवर केलेल्या प्रयोगांचा आपल्या वर्गाशी संबंध काय?" तोवर तासाची घंटा झालेली असायची. तो राहिलेला तास आज इथं घेते. शिक्षक नसलेल्यांनीही थांबावं, कारण याच प्रयोगांची किल्ली लावून तुमच्या हातातल्या फोनचं कुलूपही उघडतं.

मन मोजायचं कसं, हा मूळ प्रश्न

मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते ती जर्मनीतल्या लाइपझिगची. विल्हेल्म वुंट यांनी ती १८७९ साली उघडली. तिथली एक मुख्य पद्धत होती अंतर्निरीक्षण. म्हणजे एखादा आवाज ऐकवायचा, रंग दाखवायचा आणि त्या क्षणी मनात काय झालं ते प्रशिक्षित माणसानं बारकाईनं सांगायचं.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर खरं कुणाचं मानायचं? "अंगात कसकस आहे" असं रुग्ण सांगतो तेव्हा डॉक्टर ऐकून घेतात, पण थर्मामीटरही लावतात, कारण पाऱ्याचा आकडा दोघांनाही सारखाच दिसतो. मनासाठी असा थर्मामीटर नव्हता.

१९१३ साली अमेरिकेतल्या जॉन वॉटसन या पस्तिशीच्या प्राध्यापकानं एका लेखात यावर सरळ घाव घातला. मनात काय चाललंय हे शोधायचं सोडा, म्हणाला. सगळ्यांना दिसतं आणि मोजता येतं त्याचा अभ्यास करा, म्हणजे वर्तनाचा. समोर काय घडलं आणि त्यावर प्राणी किंवा माणूस काय करून बसला, एवढंच पाहा. जे घडलं ते उद्दीपक, जे केलं तो प्रतिसाद. या विचाराला वर्तनवाद म्हणतात. एवढे दोन-तीन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सोपं आहे.

पावलॉव : चरवीचा आवाज आणि पान्हा

वॉटसनच्या हाती आयतं हत्यार आलं ते रशियातून. इव्हान पावलॉव हा मुळात मानसशास्त्रज्ञ नव्हताच. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत तो पचनाचा अभ्यास करत होता आणि १९०४चं नोबेल त्याला पचनावरच्या कामासाठीच मिळालं. (परीक्षेला बसणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. अभिसंधानासाठी, म्हणजे पुढं येणाऱ्या लाळेच्या शोधासाठी, नव्हे.) कुत्र्याच्या गालावर छोटी शस्त्रक्रिया करून लाळग्रंथीची नळी बाहेर काढलेली असायची, त्यामुळे लाळेचा थेंबन् थेंब मोजता यायचा. आणि काम बिघडत होतं ते इथंच. अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ गळायला लागायची. अन्न आणणारा माणूस दिसला तरी, त्याची पावलं वाजली तरी.

दुसऱ्या कुणी ही कटकट समजून सोडून दिली असती. पावलॉवनं पुढची तीसेक वर्षं तिलाच वाहिली.

आपल्याकडे ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. धार काढायच्या वेळी चरवी वाजली की गाय पान्हवते. चरवीच्या आवाजात पान्हा फुटावा असं काही नाही. वासराच्या ढुशा आणि आचळाला लागलेला हात ही खरी कारणं. पण रोज आधी चरवी वाजते, मग हात लागतो. होता होता नुसता आवाजही पुरतो. जुन्या, जन्मजात प्रतिसादाला एक नवं उद्दीपक चिकटलं, यालाच अभिजात अभिसंधान म्हणतात.

गाइडात घंटा असते. प्रत्यक्षात पावलॉवच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोमची (ताल मोजणाऱ्या यंत्राची) टिकटिक, बझर, दिवे, अंगाला होणारा स्पर्श असं बरंच काही वापरलं जात होतं. घंटा फार तर त्यातली एक. पण त्याहून महत्त्वाचं असं काही गाइडात एका ओळीत उरकतात. टिकटिक ऐकवली आणि अन्न दिलंच नाही, असं पुन्हा पुन्हा केलं की लाळ कमी होत होत थांबते. याला विलोपन म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच कुत्र्याला टिकटिक ऐकवली तर लाळ पुन्हा येते, थोडी का होईना. जे शिकलं गेलं ते पुसलं गेलेलं नसतं, त्याच्यावर दुसरं काहीतरी शिकलेलं असतं. दारू सोडलेल्या माणसाला वर्षानंतर जुन्या अड्ड्यावरून जाताना तलफ का येते, भीती गेली म्हणता म्हणता परत का डोकावते, याचं मोठं उत्तर इथं आहे. अशा माणसाला "तुझा निश्चय कच्चा" म्हणणं म्हणजे पावलॉवच्या कुत्र्याला बोल लावण्यासारखं आहे.

मांजराची खटपट

एडवर्ड थॉर्नडाईकचा प्रबंध १८९८चा, म्हणजे वॉटसनच्याही आधीचा. भुकेलं मांजर लाकडी फळ्यांच्या पेटीत कोंडायचं आणि बाहेर खाणं ठेवायचं. आत कुठंतरी दोरी किंवा खटका. मांजर ओरबाडतं, चावतं, फटीतून पंजा घालतं आणि चुकून खटक्यावर पाय पडतो. दार उघडतं. पुन्हा कोंडलं की थोडं लवकर बाहेर येतं, आणि त्यापुढच्या वेळी आणखी लवकर.

थॉर्नडाईकनं घड्याळ लावून वेळ नोंदवली आणि आलेख काढला. मांजराला अचानक 'समजलं' असतं तर रेषा एकदम खाली कोसळली असती. ती हळूहळू, धडपडत उतरत होती. यावरून प्रयत्न-प्रमाद हे नाव आलं आणि परिणामाचा नियमही. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती पक्की होते. ज्या कृतीनंतर त्रास होतो ती पुसली जाते, असा नियमाचा दुसरा अर्धा भागही त्यानं आधी मांडला होता. १९३०च्या सुमारास, माणसांवर प्रयोग केल्यावर, त्यानं स्वतःच तो मागे घेतला. बक्षिसानं कृती जितकी पक्की होते तितकी शिक्षेनं ती पुसली जात नाही, हे त्याला आकड्यांत दिसलं. स्वतःचाच प्रसिद्ध नियम अर्धा मोडणं सोपं नसतं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

वॉटसन : जिथं रस्ता चुकला

१९२०. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉटसन आणि त्याची सहकारी रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. लेखात त्याचं नाव अल्बर्ट आहे. नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर दाखवला तेव्हा तो घाबरला नव्हता. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्यानं उंदराकडे हात नेला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असं सुरू झालं. थोड्याच वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडून दूर सरकायला लागलं. पुढं सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागलं. भीती घालवण्याचा प्रयत्न झालाच नाही. त्याआधीच, तो राहत होता त्या रुग्णालयातून त्याला नेण्यात आलं.

आज असा प्रयोग कुठलीही नैतिकता समिती एक दिवस चालू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. शास्त्र म्हणूनही तो लंगडा होता. एकच मूल, तुलनेला दुसरं कुणी नाही, आणि भीती किती याचा निवाडा खुद्द प्रयोग करणाऱ्यांच्या नजरेवर सोपवलेला. ज्या माणसानं 'मोजा, अंदाज करू नका' म्हणून बंड पुकारलं, त्याच्याच सर्वांत गाजलेल्या प्रयोगात मोजमाप सर्वांत कच्चं होतं.

त्याच वर्षी रोझालीशी असलेल्या संबंधांवरून वॉटसनला विद्यापीठ सोडावं लागलं. पुढं तो न्यूयॉर्कच्या जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत गेला आणि मोठ्या पदाला पोचला. १९२८ साली त्यानं बालसंगोपनाचं पुस्तक लिहिलं. मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला त्यात आहे. मला डझनभर निरोगी बाळं द्या, मी त्यांतल्या कुणालाही डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो, हा दावाही त्याचाच. त्याच्यापुढच्याच वाक्यात, आपण पुराव्याच्या पलीकडे बोलतोय हे मान्य, अशी कबुली आहे, पण ती कुणी उद्धृत करत नाही. दाव्यातली एक गोष्ट मात्र त्या काळात धाडसाची होती. वंश, कूळ, जात यांवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या जगात हा माणूस म्हणत होता की घडण परिस्थितीवर असते.

स्किनर : कृतीनंतर काय घडतं?

बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) याला आधी लेखक व्हायचं होतं. ते जमलं नाही म्हणून तो हार्वर्डला मानसशास्त्राकडे वळला. त्यानं पाहिलेला फरक असा : पावलॉवच्या कुत्र्याला काहीच करावं लागत नाही. टिकटिक होते आणि लाळ सुटते. पण रोजच्या जगण्यात आपण बरंच काही करतो आणि केल्याचे परिणाम भोगतो. त्यानं एक पेटी बनवली, आत एक दांडी. उंदरानं दांडी दाबली की अन्नाची गोळी पडते. गोळी पडली की दांडी पुन्हा दाबली जाते. कृतीच्या परिणामातून होणारं हे शिकणं म्हणजे साधक अभिसंधान. ज्या परिणामामुळे कृती वाढते तो परिणाम म्हणजे प्रबलन.

इथं टीईटीत हमखास गुण जातात, म्हणून जरा थांबते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. 'धन' म्हणजे काहीतरी मिळालं, 'ऋण' म्हणजे काहीतरी टळलं. दोन्हींत कृती वाढतेच. गाडीत बसलात, पट्टा लावला नाही, गाडी टुंग टुंग करत राहते. पट्टा लावला की आवाज बंद. पट्टा लावण्याची सवय वाढली, कारण त्रास टळला. हे ऋण प्रबलन. शिक्षेत कृती कमी होते.

आता घरातलं दृश्य घ्या. मूल जेवताना रडतं, आई फोन हातात देते. मुलाला फोन मिळाला, म्हणून रडणं वाढलं. आईचा कानाला लागलेला त्रास थांबला, म्हणून फोन देणं वाढलं. एकाच क्षणी दोघंही शिकले, आणि उद्या दोघंही तेच करणार. यात आई आळशी आहे की मूल हट्टी, हा प्रश्नच उद्भवत नाही. वर्तनवादाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथं दिसतो. तो स्वभावाला नावं ठेवण्याआधी 'यानंतर लगेच काय घडलं?' हे बघायला लावतो. "तो गणितात ढ आहे" हे उत्तर नाही. गणिताच्या तासाला पोट दुखतंय म्हटलं की त्याला घरी पाठवतात, हे उत्तराच्या जवळ जाणारं काहीतरी आहे.

मग छडीनं मुलं गप्प होतात ती कशी?

होतात, हे खरं आहे. स्किनरलाही ते दिसलं होतं. दांडी दाबायला शिकलेल्या उंदरांना त्यानं गोळी देणं बंद केलं. दांडीला पाय लावला की त्यांतल्या काहींच्या पंजावर फटका बसेल अशीही सोय केली. फटका बसलेल्यांनी दांडी दाबणं झपाट्यानं कमी केलं. फटके थांबल्यावर मात्र ते पुन्हा दाबू लागले, आणि अखेरीस त्यांच्या दाबण्याची एकूण संख्या फटके न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली. शिक्षेनं वर्तन दबलं होतं, गेलं नव्हतं.

पण शिक्षक ओरडत राहतात, कारण ओरडलं की वर्ग त्या क्षणी शांत होतो. त्रास टळला. म्हणजे वर्गाला शिस्त लागो न लागो, ओरडण्याची सवय शिक्षकाला नक्की लागते. हे मी स्वतःवर अनुभवलंय. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ सालीच शारीरिक शिक्षेला मनाई केली, तरी ती हातातून सुटायला वेळ का लागतो, याचं हे एक कारण.

१९५३ साली स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला बसला. काही मुलांची उदाहरणं केव्हाच सोडवून झाली होती, काही नुसती अडकून बसली होती, आणि बरोबर की चूक हे कुणालाच त्या क्षणी कळत नव्हतं. घरी येऊन त्यानं शिकवणाऱ्या यंत्राचा पहिला नमुना बनवला. छोटं पाऊल, लगेच उत्तर, ज्याची त्याची गती. पंचावन्न मुलांच्या वर्गात एकटी बाई प्रत्येकाला लगेच उत्तर देऊ शकत नाही, हे तिचं पाप नाही. पण पंधरा दिवसांनी तपासून आलेल्या वहीतल्या लाल खुणांतून मूल फारसं शिकत नाही, हेही खरं.

ऊसतोड, पगार आणि मटका

स्किनरचा सर्वांत मोलाचा शोध एका अडचणीतून लागला. अन्नाच्या गोळ्या तो स्वतःच बनवायचा. एका शनिवारी त्याच्या लक्षात आलं की सोमवारपर्यंत साठा पुरणार नाही. मग त्यानं प्रत्येक दाबणीला गोळी देणं बंद केलं आणि मिनिटाला फार तर एकच द्यायचं ठरवलं. वाटलं होतं उंदीर कंटाळतील. ते दाबतच राहिले, तेही एका संथ लयीत.

मग त्यानं आणि चार्ल्स फर्स्टरनं बक्षीस कधी द्यायचं याची वेगवेगळी वेळापत्रकं लावून हजारो तासांच्या नोंदी घेतल्या. त्या १९५७ साली प्रसिद्ध झाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ऊसतोड कामगाराला टनावर पैसे मिळतात आणि बिडी कामगाराला हजार बिड्यांवर. काम जितकं, दाम तितकं, म्हणून हात झपझप चालतो. महिन्याचा पगार वेळेवर बांधलेला असतो. त्या पद्धतीत काम मुदत जवळ आली की वाढतं, जसा परीक्षेआधीच्या आठवड्यात अभ्यास. तिसरा प्रकार मटक्याचा. कितव्या वेळी लागेल ते सांगता येत नाही, पण कधीतरी लागतं. याला परिवर्ती गुणोत्तर म्हणतात. या प्रकारात कबुतरं सर्वांत जोमानं आणि जवळजवळ न थांबता चोच मारत राहिली. बक्षीस पूर्ण बंद केलं तरी ती फार उशिरा थांबली.

का, ते समजायला सोपं आहे. रोज ठरल्या वेळी येणारी एसटी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी आपण वडापनं जातो. पण गळ टाकून बसलेल्या माणसाला तासभर मासा लागला नाही तरी त्यात नवीन काहीच नसतं. कालही तासभर लागला नव्हता आणि मग लागला होता. न मिळणं हाच खेळाचा भाग झाला की न मिळाल्यामुळे कुणी थांबत नाही.

आता फोन हातात घ्या. बोटानं वर ढकललं, रील आली, नाही आवडली. पुन्हा ढकललं, नाही. पुन्हा, आणि पोट धरून हसवणारी एक आली. गळ टाकण्याची हीच रीत. पान कधी संपतच नाही अशी रचना २००६ साली बनवणाऱ्या एझा रॅस्किन या अभियंत्यानं पुढं तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत तर गोळीच्या जागी खरा पैसा असतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा पुष्कळांनी विचारलं की शहाण्या माणसाला कळू नये का? कळतं. कर्जात बुडालेल्या माणसालाही हिशेब कळत असतो. त्या वेळापत्रकापुढे नुसतं कळणं तोकडं पडतं. म्हणून 'संयम ठेव' या उपदेशापेक्षा फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं, सूचना बंद करणं, ॲप काढून टाकणं, हे उपाय जास्त लागू पडतात. परिस्थिती बदलली की वर्तन बदलायला जागा होते.

"म्हणजे माणूस उंदीरच का?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि वर्तनवाद इथं खरंच हरला.

एडवर्ड टोलमननं १९३० साली उंदरांना भूलभुलैयात दहा दिवस काही बक्षीस न देता नुसतं हिंडू दिलं. अकराव्या दिवशी भूलभुलैयाच्या शेवटी अन्न ठेवलं. त्यापुढच्याच दिवशी ते रोज बक्षीस मिळणाऱ्या उंदरांइतके बिनचूक धावू लागले. म्हणजे बक्षिसाशिवायही ते शिकत होते. डोक्यात नकाशा तयार होत होता, फक्त वापरायला निमित्त नव्हतं. १९६६ साली जॉन गार्सियानं दाखवलं की उंदीर मळमळीचा संबंध चवीशी चटकन जोडतो, पण प्रकाश आणि आवाजाशी जोडत नाही. कोणतंही उद्दीपक कोणत्याही प्रतिसादाला चिकटवता येतं, हे गृहीतक तिथं मोडलं. निसर्गानं प्रत्येक जीवाला काही गोष्टी शिकायला आधीच तयार केलेलं असतं.

सर्वांत जोराचा घाव भाषेवरून बसला. मूल भाषाही प्रबलनातूनच शिकतं, असं स्किनरनं १९५७ साली मांडलं. दोन वर्षांनी नोम चॉम्स्कीनं त्यावर सडकून टीका केली. मूल कधीही न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती कुठून येतात? मराठी घरात याचा पुरावा रोज मिळतो. तीन वर्षांचं मूल म्हणतं, "मी चित्र करलं", "झुरळ मरलं". असं मोठं माणूस बोलत नाही, म्हणजे हे ऐकून उचललेलं नाही. बक्षीसही मिळालेलं नाही. 'बसलं, पडलं, धरलं' यातून मुलानं नियम स्वतः काढला आणि 'केलं, मेलं' या अपवादांवरही तो लावला. चूक करताना ते मूल व्याकरणकार झालेलं असतं.

एक गैरसमज मात्र दूर करते. मन नाहीच, असं स्किनर म्हणत नव्हता. विचार आणि भावना असतात, पण त्यांना वर्तनाचं कारण म्हणून पुढं करू नका, त्याही परिस्थितीतूनच घडतात, असं त्याचं म्हणणं होतं. ते पटो न पटो, 'वर्तनवादी मन नाकारतात' एवढ्या एका ओळीत त्याला गुंडाळणं बरोबर नाही.

"बक्षीस म्हणजे लाचच की!"

कधीकधी त्याहून वाईट. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल, असं आधी सांगितलं. दोनेक आठवड्यांनी मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रात रमली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यांची आवड टिकून होती. जे मूल आपणहून वाचतं त्याला प्रत्येक पुस्तकामागे चॉकलेट लावू नका. ज्याला अक्षरांचीच धास्ती आहे, त्याच्या पहिल्या ओळीला शाबासकी मात्र जरूर द्या.

याहून गंभीर प्रश्न आहे, वर्तन बदलायचं ते कुणाच्या सोयीसाठी? अमेरिकेत ओले इवार लोवास यांनी १९६०च्या दशकात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर या पद्धती वापरल्या. मुलं बोलायला लागली म्हणून कौतुक झालं, पण त्यात चापट्या आणि विजेचे झटकेही होते. ती मुलं काही वेळा हात फडफडवतात किंवा नजर टाळतात. त्यामागे त्यांचं स्वतःचं कारण असतं. आज अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात की आम्हाला शांत वाटण्यासाठी केलेल्या हालचालीही 'बंद करायचं वर्तन' ठरवल्या गेल्या. परिणाम दिसला म्हणजे पद्धत योग्य, असं होत नाही. कुणाला विचारलं होतं, हेही बघावं लागतं.

जुनं झालं, तर अजून का शिकवतात?

कारण ते मागच्या दारानं परत आलंय. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम मोजलं. अनपेक्षित बक्षीस मिळालं की त्या पेशी पेटतात, अपेक्षित मिळालं की गप्प राहतात, आणि अपेक्षित असून हुकलं की त्यांचं काम मंदावतं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा तो हिशेब होता. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी संगणकाला शिकवण्याचं जे गणित रचलं होतं त्याच्याशी तो जुळला. त्यांच्या पद्धतीचं नावच प्रबलन शिक्षण आहे. संगणकशास्त्रातलं २०२४चं ट्युरिंग पारितोषिक या दोघांना मिळालं. आजची बोलकी कृत्रिम बुद्धिमत्ता घडवतानाही, माणसांनी पसंत केलेल्या उत्तराला बक्षीस, असा टप्पा असतो.

आणि दुसरं दार दवाखान्याचं. उंच जागेची, कुत्र्याची, लिफ्टची भीती घालवायला आज जे उपचार सर्वांत भरवशाचे मानले जातात, त्यात घाबरवणाऱ्या गोष्टीला सुरक्षित वातावरणात, पायरीपायरीनं सामोरं नेतात. त्याची सुरुवात जिनं केली ती बाई गाइडांत क्वचितच सापडते. मेरी कव्हर जोन्स. रोझाली रेनरची ती कॉलेजातली मैत्रीण. वॉटसनचं व्याख्यान ऐकून तिला वाटलं, भीती लावता येते तर काढताही येईल.

१९२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या नोंदींत पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा आहे. त्याला सशाची, पांढऱ्या उंदराची, केसाळ कोटाची, पिसांची भीती वाटायची. सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर त्याला खेळायला बसवलं आणि भीती हळूहळू उतरू लागली. मग पीटर तापानं दोन महिने रुग्णालयात गेला, परत निघताना मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सगळी भीती परतली. जोन्सनं पहिल्यापासून सुरुवात केली. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणायचा. घाबरला तर तिथंच थांबायचं. दुसऱ्या वेळी थोडा जवळ. मग टेबलाजवळ. मग पिंजऱ्याबाहेर. घाई नाही, जबरदस्ती नाही, अधूनमधून मागे सरकणंही चालेल.

शेवटच्या नोंदींपैकी एकीत पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देतोय.